शेवयांची फळी

त्या इमारतीत आधी माणसं झोडपली, मग शेवया लाटल्या. मधल्या काळात फक्त भिंतींना नवा रंग दिला. जगात पुष्कळ ठिकाणी हे असंच चालतं, फक्त त्याचं कुणी प्रदर्शन मांडत नाही. हेगमधल्या एका जुन्या गोदामात मात्र ते मांडलं जात होतं, आणि त्यातल्या भिंती रंगवायचं काम ज्ञानदाकडे आलं होतं.

इमारत कोरियातली. दक्षिणेच्या एका बंदराच्या गावी जपान्यांनी बांधलेली पोलीस चौकी. जपानी गेले, चौकी राहिली. मग दोन कोरियांच्या लढाईत एका बाजूनं तिथे दुसऱ्या बाजूची माणसं कोंडली, मग दुसऱ्या बाजूनं पहिलीची. पुढे हुकूमशाही आली तेव्हा विद्यार्थ्यांना नि गोदी कामगारांना आणून तिथे बोलतं करत. बोलतं करणं हा पोलिसांचा शब्द, आणि सभ्य माणसांनी त्याचा अर्थ विचारायचा नसतो. मग सरकार बदललं, चौकी विकली गेली, एका बाईनं तिथे खानावळ काढली. कणीक लाटून, सुरीनं कापून रश्श्यात सोडलेल्या शेवयांची. तीस वर्षं सगळं गाव तिथे जेवलं आणि कुणाच्या घशात घास अडकला नाही.

प्रदर्शन मांडणारी सोयोन त्याच गावची चित्रकार. तिचा मामा कॉलेजात असताना त्याला त्या चौकीत नेलं होतं. आठवड्यानं परत आला तेव्हा अंगावर ओरखडा नव्हता. पण त्यानंतर तो कधी धावला नाही, आणि आत काय झालं ते मरेपर्यंत कुणाला बोलला नाही. सोयोनला तेवढंच हवं होतं. मामाचं काय केलं? कला वगैरे सगळं त्याच्यानंतर.

तिची कल्पना साधी होती. एकच खोली, मूळ मापाची, चार वेळा बांधायची आणि एकामागे एक ठेवायची. पहिली खानावळीची, तिच्यामागे बोलतं करायची, तिच्यामागे लढाईतली, शेवटी जपान्यांची. बघणाऱ्यानं आजच्या दारातून शिरायचं आणि मागे मागे जायचं. खानावळीची जमीन खालून ऊन केलेली असते, त्यामुळे बूट दाराशी काढायचे. एकदा काढले की चारही खोल्यांतून अनवाणी.

ज्ञानदा नवऱ्यामागोमाग व्हिसावर हेगजवळच्या झूटरमेरला आली त्याला दहा वर्षं झाली होती. अभिजित रोज झुइडासला ऑफिसात जायचा, आणि ती सुरुवातीला डचच्या शिकवणीला नि स्वयंपाकाच्या ओट्याशी. मग तिनं रंगकाम शिकून घेतलं आणि नाटकांच्या, प्रदर्शनांच्या भिंती रंगवायचा स्वतःचा धंदा काढला. कालची भिंत शंभर वर्षांची करून दाखवणं हे तिचं कसब. खानावळीचा तेलकट धूर कसा चढतो ते तिला सोयोनला विचारावं लागलं. दुसऱ्या खोलीचा हिरवा रंग मात्र विचारावा लागला नाही. ज्ञानदा पोलीस लाइनीत वाढली होती.

तिचे वडील हरिहर मोकाशी उपअधीक्षक होऊन निवृत्त झालेले. घरी अप्पा, बाहेर अजून साहेब. दर उन्हाळ्यात लेकीकडे यायचे ते गणपती बसवूनच परत जायचे. झूटरमेरच्या मराठी मंडळींत त्यांना मोठा मान. "उभ्या नोकरीत परक्या पैशाला शिवलो नाही," हे वाक्य ते दरवर्षी आरतीनंतर बोलत, आणि ते खरं होतं. तिथेच तर सगळी गोम होती. पैसे खाणारा निदान पैसे मिळाले की थांबतो.

अप्पांच्या नावाला एकदाच डाग लागायची वेळ आली होती, आणि तो ज्ञानदानं लागू दिला नव्हता.

वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. अप्पा कृष्णाकाठच्या एका तालुक्याच्या गावी निरीक्षक होते. जत्रेच्या तोंडावर भैरोबाचा चांदीचा मुखवटा चोरीला गेला. गाव पेटलं, मोर्चा आला, वरून फोनवर फोन. पूजेची पाळी ज्याची होती त्या विनायक गुरवाला उचललं. बाविशीतला पोरगा, ज्ञानदाला तोंडओळखीचा. देवळात गेलं की मान खाली घालून अंगारा द्यायचा. त्याला सोडलं आणि दोन दिवसांत तो सिव्हिलमध्ये मेला. मूत्रपिंडं निकामी झाली, असं डॉक्टरांनी लिहिलं. त्याची आई चौकीच्या दारात बसून ऊर बडवत होती, की माझ्या पोराला मारला. अप्पा म्हणाले, आम्ही त्याला बोट लावलं नाही.

आणि ज्ञानदानं विनायकला बघितलं होतं. ज्या सकाळी त्याला सोडलं, त्या सकाळी ती चहाची किटली घेऊन चौकीत गेली होती, तेव्हा तो आवारातल्या कडुनिंबाभोवती फेऱ्या घालत होता. अनवाणी, सावकाश, स्वतःच्या पायांनी. तोंडावर वळ नाही, कपड्यांवर रक्त नाही. चौकशी बसली तेव्हा तिनं आपण होऊन जबाब दिला. तिला कुणी पढवलं नाही, कुणी धमकावलं नाही. मी त्याला चालताना पाहिलं. एवढंच वाक्य, आणि शब्द न् शब्द खरा. मार खाल्लेला माणूस असा चालतो का, असं चौकशीवरच्या साहेबांनी शेऱ्यात लिहिलं आणि अप्पा सुटले. मुखवटा पुढे एका पुढाऱ्याच्या पुतण्याकडे सापडला, पण तोवर विनायकचं वर्षश्राद्ध झालं होतं.

जबाब देऊन बाहेर पडताना कचेरीच्या पायरीवर विनायकच्या आईनं तिचा हात धरला होता. "पोरी, तू लबाड बोलली न्हाईस, ते मला कळतंय. मग माझा इनायक मेला कशानं, तेवढं सांग." ज्ञानदाला सांगता आलं नव्हतं. तेव्हापासून तो प्रश्न तिच्या मानेवर बसलेला. दर वेळी ती त्याला तेच उत्तर द्यायची. तो चालत होता, मी पाहिलं, अप्पांनी काही केलेलं नाही. या उत्तरावर तिनं अप्पांच्या पाया पडायचं, त्यांना वाढायचं, त्यांचा वाढदिवस करायचा. ते उत्तर खोटं निघालं तर तिच्यापाशी बाप उरणार नव्हता, आणि तिची स्वतःची जीभ एका खुनात सामील ठरणार होती.

उद्घाटनाच्या आदल्या दुपारी काम करणाऱ्यांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी प्रदर्शन उघडलं. सुतार मंडळी बिअर पिऊन गेली होती. अभिजित अप्पांना ट्रामनं घेऊन आला. अप्पांनी दाराशी बूट काढले, मोजे घडी करून बुटांत ठेवले आणि आत पाऊल टाकलं.

"अरे वा! तळव्यांना काय बरं वाटतंय, ज्ञानू. आपल्याकडे असं का करत नाहीत?"

"आपल्याकडे तळवे थंड करायला माठाचं पाणी लागतं, अप्पा," अभिजित म्हणाला. सासऱ्या-जावयांचं चांगलं जमायचं. अभिजित मुळात गमत्या माणूस, आणि अप्पांच्या चोर-पोलिसांच्या गोष्टी तो आवडीनं ऐकायचा.

खानावळीत बुटकी मेजं होती, रश्श्याचे वाडगे होते, मालकीणबाईंचा हसरा फोटो होता. शेवया कशा करतात ते ऐकून अप्पा म्हणाले, "म्हणजे आपल्या चकोल्याच की." मग त्यांचं लक्ष भिंतीपाशी गेलं. दोन लाकडी घोड्यांवर एक जाड फळी ठेवली होती, माणसाएवढी लांब, पिठानं आणि हातांनी गुळगुळीत झालेली. एका टोकाला दोन अर्धगोल खाचा. शेजारच्या पाटीवर लिहिलेलं ज्ञानदानं त्यांना मराठीत वाचून दाखवलं. फळी इमारतीच्या माळ्यावर सापडली. मालकिणीनं धुऊन घेऊन तिच्यावर तीस वर्षं शेवया लाटल्या. खाचांचा उपयोग अज्ञात.

अप्पा हसले. "लाटायची फळी? कोण म्हणतं?"

"त्या बाईच म्हणतात."

"आणि खाचा कशाला असतील लाटायच्या फळीला?"

"ते कुणालाच कळलेलं नाही. सोयोनला वाटतं, जपानी सुतारकाम असेल."

अप्पा वाकले. एका खाचेत त्यांनी आंगठा फिरवला, बाजारात पोळपाट घेणारी बाई कड तपासते तसा. मग म्हणाले, "ही या खोलीतली नाहीच. मागच्या खोलीतली आहे. घोटे येतात इथे. आमच्याकडेही होती. पण आमची सागवानी."

सोयोन दारात उभी होती. तिला मराठी कळत नव्हतं, पण म्हातारा खाचेत आंगठा घालून बोलतोय हे दिसत होतं. तिनं इंग्रजीत विचारलं, काय म्हणतात? ज्ञानदानं सांगितलं. सांगताना तिलाच बरं वाटलं नाही, पण पोलिसाला पोलिसाची वस्तू ओळखू येणारच, अशी तिनं मनाची समजूत घातली. सोयोन लगेच जवळ आली. तिनं फोन काढला. "त्यांना सगळं सांगायला सांग. जेवढं माहीत असेल तेवढं. रेकॉर्ड केलं तर चालेल का?"

"चालेल की," अप्पा म्हणाले. निवृत्त माणसाला कुणी त्याच्या कामाबद्दल आस्थेनं विचारलं, की मग त्याच्या जिभेला हाड राहत नाही. दरवर्षी आरतीनंतर तेच भाषण करून कंटाळलेला तो माणूस एकदम ताठ झाला. घोडे आणि फळी मागच्या हिरव्या खोलीत न्यायला लावली. एकच दिवा लोंबत होता, त्याच्या बरोबर खाली ती मांडून घेतली. दोन बोटं डावीकडे, म्हणून पुन्हा सरकवली.

"अप्पा, मी झोपतो," अभिजित म्हणाला. "तुम्ही करून दाखवा. तोंडी सांगून सोयोनला काय कळणार?"

तो पालथा झोपला. घोटे खाचांत बसले, तळवे वर आले. गोरे, गुबगुबीत, ऑफिसात बसणाऱ्या माणसाचे तळवे.

"पट्टा द्या तुमचा, अभिजितराव."

"हळू हां. सोमवारी ऑफिस आहे."

अप्पांनी पट्टा हातावर दुहेरी गुंडाळला आणि बोलायला लागले. एक वाक्य ते मराठीत बोलत, ते ज्ञानदा इंग्रजीत सांगे.

"आमच्याकडे गिरणीचा पट्टा असायचा. पिठाच्या गिरणीचा, जुना झालेला. त्याला बाजीराव म्हणायचे. गुन्हेगाराला नुसतं विचारायचं, बाजीराव बोलवू का? निम्मे तिथेच बोलत." बाजीरावाचं इंग्रजी तिला करता येईना, तिनं ते तसंच ठेवलं. "तळव्यावरच का? तर तळव्याची कातडी जाड. फुटत नाही, रक्त येत नाही. पाठीवर मारणारा हवालदार अडाणी. पाठ डॉक्टरला दिसते. तळवे उलटून कोण बघतो?"

पहिला फटका त्यांनी हलकाच मारला. अभिजित खोटं खोटं कळवळला आणि हसला. दुसराही तसाच. "मनगटातून मारायचं नाही," अप्पा म्हणाले, "खांद्यातून," आणि तिसरा फटका खांद्यातून मारला.

अभिजितच्या घशातून जो आवाज निघाला तो माणसाचा नव्हता. तो पाय ओढून घेईस्तोवर चौथा बसला, पाचवा बसला. खोली त्या आवाजानं दणाणली. अप्पांचं कोपर अंगाला चिकटलेलं होतं, श्वास लागला नव्हता, तोंडावर राग नव्हता. काहीच नव्हतं.

"बोल," ते म्हणाले.

हे ज्ञानदानं इंग्रजीत सांगितलं नाही. सोयोनला ते सांगायची गरजही नव्हती.

अभिजित फळीवरून खाली कोसळला. पाय छातीशी धरून लोळत तो आईवरून शिव्या देत होता, आयुष्यात पहिल्यांदा सासऱ्यासमोर. अप्पा भानावर आले. "लागलं का हो? अरेरे. हात जातो आपोआप. सवय." मग त्यांनी जावयाच्या काखेत हात घातले. "बसू नका. उठा. उठा आधी, चाला."

"काय चाला? पाय टेकवत नाहीये, अप्पा! वेड लागलंय का तुम्हाला?"

"म्हणून तर चाला म्हणतो. बसलात की सूज चढते, मग चार दिवस जमिनीला पाय लागायचा नाही." खरंच काळजी होती त्यांच्या आवाजात. जावयाला आधार देऊन ते त्याला फळीभोवती गोल चालवायला लागले आणि चालवता चालवता मागे वळून बोलले, "ज्ञानू, हे मुख्य आहे, हे तिला नीट सांग. मारून झालं की थांबायचं नाही. तासभर चालवायचं, झाडाभोवती, आवारात, कुठेही. सूज येत नाही. आणि सकाळी कुणी बघितलंच, तर बघणाऱ्याला काय दिसतं? चालता माणूस."

ज्ञानदानं सुरुवात केली. मारून झालं की ते त्याला चालवतात, तिनं इंग्रजीत सांगितलं. झाडाभोवती. तासभर. म्हणजे मग कुणी पाहिलं तर.

तिचं तोंड तिथेच उघडं राहिलं.

कडुनिंब. अनवाणी. सावकाश. कडेला हवालदार उभा होता आणि टाळ्या वाजवत होता, 'चल, चल' करत होता. तिला तेव्हा वाटलं होतं, पोराला सकाळचं मोकळं सोडलंय. विनायकनं एकदा तिच्याकडे पाहिलं होतं. तोंड उघडलं होतं, आणि मग तो पुन्हा चालायला लागला होता.

पण यापेक्षा भयंकर काहीतरी तिच्या मागून चालत आलं आणि तिला ते वळून बघावं लागलं. ती किटली. अप्पांचा घरात एक कडक नियम होता, बाईमाणसानं चौकीची पायरी चढायची नाही. आई उभ्या जन्मात चढली नाही. चहा न्यायला शिपाई होता. त्या एका सकाळी अप्पांनी आवारातून लाइनीकडे तोंड करून हाक मारली होती, ज्ञाने, चहा घेऊन ये, आणि शिपायाला देऊ नको, तूच ये.

"अप्पा," ती म्हणाली, "चहा तुम्ही मागवला होता."

"कसला चहा?"

"कसला ते तुम्हाला ठाऊक आहे."

अप्पा थांबले. त्यांनी अभिजितला सोडलं, तो भिंतीला धरून घसरत खाली बसला. ते नाही म्हणतील, कुठली तरी थाप मारतील, याची ती जीव मुठीत धरून वाट बघत होती. एक थाप मारली असती तरी तिनं ती पोटाशी धरली असती.

"हवालदाराचा जबाब कोण धरतो, ज्ञानू?" ते म्हणाले. "बघणारं घरंदाज माणूस हवं होतं. पोराला रात्री मार जास्त झाला होता, एवढ्या मारानं मूत्रपिंडं जातात, मला कळलं होतं ते." मग मान वर करून, अगदी आरतीनंतरच्या आवाजात, "पण तुला मी एक शब्द खोटा बोलायला लावला नाही. आठवून बघ. एक शब्द नाही."

तिनं त्यांच्या हातातून पट्टा हिसकला.

पहिला त्यांच्या खांद्यावर बसला, दुसरा कानावर, तिसरा कुठे बसला ते तिनं पाहिलं नाही. ती मनगटातून मारत नव्हती. पट्ट्याचं बक्कल सुटून त्यांच्या भुवईवर आदळलं, कातडी उसवली, रक्त डोळ्यात उतरलं. तिला मारायचं होतं. त्यांना लागावं असं तिला वाटत होतं, आणि लागलेलं बघून बरं वाटत होतं, आणि त्या बरं वाटण्याची तिला किळस येत होती, तरी हात थांबत नव्हता. अप्पांनी एकदाही हात वर केला नाही. ते नुसते डोळे मिटून उभे राहिले. अभिजित गुडघ्यांवर रांगत आला आणि त्यानं तिच्या कमरेला मिठी मारली. "ज्ञाना, मरतील ते! पुरे! पुरे!"

तिनं पट्टा टाकला.

"चाला," ती म्हणाली.

अप्पांनी डोळे उघडले.

"चाला म्हणते ना."

त्यांनी कशासाठी ते विचारलं नाही. कुठे ते विचारलं नाही. भुवईवरचं रक्त मनगटानं पुसलं आणि ते चालायला लागले, फळीला उजवी घालून, गोल. अनवाणी, सावकाश. एखादा निर्दोष माणूस काय वेड लागलंय का म्हणाला असता. अभिजितनं म्हटलं होतं तसं.

सोयोन भिंतीला टेकली होती. ती भिंत ज्ञानदानंच रंगवलेली. रंग अजून पुरता वाळला नव्हता, सोयोनच्या पाठीला हिरवा लागला होता. फोन तिच्या हातात तसाच उभा होता. "माझा मामा," ती म्हणाली, "त्यालाही असंच चालवून मग घरी सोडलं असेल?"

"हो," ज्ञानदा म्हणाली.

"हे पुसून टाकू का मी? ते तुझे वडील आहेत."

"नको. चालू ठेव. उद्या ती पाटी बदल आणि हे लाव. आणि मला एक प्रत दे, मला ती गावी एका बाईला पाठवायची आहे. ती जिवंत असेल तर."

ती फोनसमोर येऊन उभी राहिली. इंग्रजी नको म्हणाली. ज्या बाईला ऐकायचं होतं तिला इंग्रजी येत नव्हतं. वीस वर्षांपूर्वी कचेरीत लिहून दिलं होतं तसंच तिनं सुरू केलं.

"मी, ज्ञानदा हरिहर मोकाशी, जबाब देते. मी विनायक गुरवाला चालताना पाहिलं. ते खरं आहे. तो का चालत होता, ते आता सांगते."

तिच्या मागे अप्पा चालत होते. थांबा, असं त्यांना कुणी म्हटलं नव्हतं.